शिळं पाणी आणि लेकीचा रबर प्लांट

भिवंडीत नळाला पाणी आलं, की आमच्या घरात आधी कालच्या पाण्याची हकालपट्टी होते. हंडा, कळशी, पिंप, सगळं रिकामं करून ताजं भरायचं. कालचं ते शिळं. आमची मंडळी पडघ्याकडची, लहानपणी विहिरीवरून पाणी वाहिलेली. शिळं पाणी तिला प्यायला चालत नाही आणि गटारात ओतवत नाही. मग ते जायचं लेकीच्या रबर प्लांटच्या कुंडीत.

लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा हे झाड आईच्या हवाली करून गेली. तेव्हापासून त्याचा असा थाट, की मला चहा मिळायचा तो झाडाचं सगळं आटोपल्यावर. आम्हा दोघांना एकदम ताप आला असता, तर डॉक्टर आधी कुंडीकडे वळला असता.

एके दिवशी खालच्या पानावर तपकिरी डाग दिसला, भोवती पिवळी कड. मग शेजारच्या पानावर. बायकोचा चेहरा त्या कडेहून पिवळा. पोर दिवाळीला येईल, तिला काय दाखवू, एवढंच ती घोकत राहिली.

मी निदानाला बसलो. पहिला संशय घरामागच्या पॉवरलूममधून उडणाऱ्या कापसाच्या धुरळ्यावर. पानं इतकी पुसली, की समोरच्या बिल्डिंगमधले लोक त्यांत बघून भांग पाडू लागले. डाग तसेच. मग ऊन कमी पडतंय म्हणून कुंडी उचलून उन्हामागे घरभर फिरलो. दापोड्याच्या गोदामातला हमाल एका शिफ्टमध्ये एवढं ओझं उचलत नसेल. डाग वाढले. झाड तहानलंय असं ठरवून बायकोने आणखी एक कळशी ओतली.

शेवटी लेकीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, डाग दाबून बघा. कुरकुरीत लागला तर पाणी कमी पडतंय. डाग लिबलिबीत लागला. मग मातीत बोट घालायला सांगितलं. बोट गेलं ते थेट कामवारी नदीत. मासा चावायच्या आत मी ते बाहेर काढलं. वास डबक्याचा.

"आई, रोज पाणी घालतेस?"

"शिळं घालते गं. ताज्याला हात लावत न्हाय."

लेकीला हसू आवरलं नाही. आईला मात्र हसू येईना. "म्हणजे मीच बुडवलं त्याला," ती म्हणाली.

लेकीने फोनवरूनच आमच्याकडून ऑपरेशन करवून घेतलं. झाड उपटलं, काळी पडलेली मऊ मुळं कात्रीने कापली, कुंडीच्या तळाचं बुजलेलं भोक मोकळं केलं, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावलं. वरची माती सुकेपर्यंत पाणी बंद.

"मग रोज त्याला देऊ काय?" बायकोने विचारलं.

"काही देऊ नकोस. नुसती बस जवळ."

ती बसू लागली. हातांना काही काम नाही, म्हणून पदर चुरगाळत बसायची.

दिवाळीला लेक आली. झाडाला मोजकी पानं उरली होती, पण ताठ उभी. आई काही सांगायला लागणार, तोच लेकीने मातीत बोट खुपसलं, कोरडं बोट तिला दाखवलं आणि तिला मिठीच मारली. आईने तिची पाठ चाचपली.

"तूच किती वाळलीस गं," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

ताटात करंज्यांचा असा डोंगर रचला, की पलीकडे बसलेली लेक मला दिसेना. ती खात राहिली. पुरे म्हणाली नाही.