विमानाच्या वर्गातलं गाऱ्हाणं

माइक चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. चूक एवढीच. बाकी नारळ, अगरबत्ती, सगळं यथासांग झालं.

रविवारची दुपार. एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या मास्टर्सचा पहिला वर्ग, घरबसल्या, इंटरनेटवरून. विद्यार्थी चाळिशी उलटलेला. आठवडाभर मालवणात बर्फाच्या कारखान्यातली मशिनं सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी विमानं शिकायची, असा माझा बेत. आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची तरी आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मग विमानाला का नाही? बायको बाजारातून मासे विकून थेट आली, टोपली टेकवली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी नारळ धरला, कॉम्प्युटरसमोर डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, तुझो लेक आज विमानाचा शिक्षान सुरू करता हा. लाइट जाता, नेट तुटता, काय इडापिडा असात ती भायर काढ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” बायको म्हणाली. खणखणीत. बाजारातला आवाज तो.

डोळे उघडले तर पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसत होत्या. कंपन्यांतले साहेब, साहेबांची मुलं. मीही हसलो असतो. प्रसंगच तसा होता. पण आमचे सर बोलले. इंग्रजी सोडून, खास माझ्यासाठी मराठीत.

“मागे कोण त्या? बाजार भरलाय का? वास इथपर्यंत येतोय हो.”

मी सांगितलं, बायको आहे, मासे विकते.

“मग विमान कशाला? ट्रॉलर घ्या.”

पुन्हा हशा. मी नारळ टेबलाखाली ठेवला. चोरीचा असल्यासारखा. मागे वळलो तेव्हा बायको तिथे नव्हती. टोपलीही नव्हती.

पुढच्या रविवारपासून वर्गाच्या वेळी ती घरात यायची नाही. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माडाच्या बुंध्याशी बसायची. लिंबाची साल हाताला चोळायची, धुवायची, हुंगायची, परत चोळायची. वर्ग संपेपर्यंत. मी आत पंखाभोवतीच्या हवेची गणितं करायचो आणि बाहेर माझी बायको स्वतःच्या हातांचा वास घ्यायची. त्या हातांनी कमावलेल्या पैशांतून माझी फी जात होती. मी तिला आत ये म्हणालो नाही, असं नाही. म्हणालो. ती म्हणायची, “नको. तुमचा शिक्षान होवंदे.”

मला विमान कशाला हवं होतं, ते त्या वर्गात कुणी विचारलं नाही. माझा दादा होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला, तेव्हा मी शाळेत होतो. शोधायला विमान आलं. उंचावरून गेलं, उंचावरूनच परत गेलं. आई वाळूत उभी राहून पदर हलवत होती. तिला वाटलं, त्यांना दिसेल. दादा मिळाला नाही. आई मरेपर्यंत एकच विचारायची, “ता खाली कित्याक नाय इला रे?”

माझा प्रकल्प तोच होता. वादळी वाऱ्यातही खाली, लाटांजवळून उडेल असं छोटं, बिनमाणसाचं विमान. मंजुरी सरांच्या हातात होती.

सत्राचा शेवटचा वर्ग. कुठल्याशा कंपनीचे पाहुणे बसले होते. सर खुशीत होते. म्हणाले, आमच्याकडे एक अस्सल कोकणी विद्यार्थी आहे. मग मला म्हणाले, “तुमचं ते व्हय महाराजा होऊन जाऊ दे. आणि वहिनींनाही बोलवा. टोपलीसकट.”

चौकटी आधीच हसायला लागल्या होत्या. मी दाराबाहेर पाहिलं. बायकोचे हात थांबले होते. लिंबाची साल तशीच मुठीत. ती माझ्याकडे बघत नव्हती. ऐकत होती.

“नाही, सर.”

“अहो, गंमत.”

“देवाकडे काही मागायचं असेल तेव्हा आम्ही गाऱ्हाणं घालतो. तुमच्याकडे मला काही मागायचं नाही.”

एवढं बोलून मी माइक बंद केला.

मागायचं तर होतंच. प्रकल्प. तो नामंजूर झाला. विषय संस्थेच्या दर्जाचा नाही, असं कळवलं. वर्ष गेलं. पुन्हा नाव घाला, दुसरे मार्गदर्शक शोधा, नाहीतर सोडा. दादा दुसऱ्यांदा बुडाल्यासारखं झालं मला. खळ्यात जाऊन बसलो. एवढा मोठा बाप्या, नाक ओढत.

बायको शेजारी येऊन बसली. हाताला चोळायला ठेवलेली लिंबाची साल तिने उचलून कुंपणापलीकडे फेकली.

“परत नाव घाला,” ती म्हणाली. “ह्या खेपेक माइक आपणहून चालू करा. नारळ मी धरतंय. हात धुवचंय नाय.”