नायककाकांची जनसुनावणी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एके दिवशी एक कागद चिकटवलेला दिसला. 'मसुदा: जिन्यात कुंड्या ठेवण्याबाबत. हरकती व सूचना महिनाभरात कळवाव्यात.' खाली सही, नायक, तिसरा मजला. सेक्रेटरी मी, आणि मलाच पत्ता नाही. तणतणत वर गेले आणि बेल वाजवली. बनियन-लुंगीतल्या, टकलावर चष्मा चढवलेल्या एका हसऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "हो मसुदो, निर्णय न्हय. बसा, सोलकढी घ्या." हा नुसता मसुदा आहे, निर्णय नव्हे. सोलकढी इतकी झकास होती की माझी हरकत घशातच राहिली.

नायककाका गोव्याचे. तिथे सरकारी नोकरीत पर्यावरणाच्या धोरणांचे मसुदे सोप्या भाषेत उतरवायचे आणि गावोगावच्या जनसुनावणीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. खाणी, किनाऱ्यावरची बांधकामं, खाडीकाठची शेती, काय म्हणाल ते त्यांनी वाचलं होतं आणि त्यापायी लोकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. निवृत्त झाल्यावर लेकीजवळ राहायला म्हणून बदलापूरला आले, पण सवय काही सुटली नाही. घरात पंखा कितीवर ठेवायचा यावरही ते काकूंच्या हरकती मागवत. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी तेवढी सुनावणी घेतली नाही ह्यांनी."

मीटिंगमध्ये त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. सगळे बसले, चहा आला, चेअरमन म्हात्रेदादांनी घसा खाकरला, की काका उठून विचारणार, "आज कोण येवंक ना?" म्हणजे, कोण आलं नाही? नाव निघालं की दुसरा प्रश्न, त्याला काय वाटेल ते कोण सांगणार? मीटिंग लांबायची आणि माझा स्वयंपाक राहायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, काका, आलेल्यांचं तरी आधी ऐकू या की. तर म्हणाले, "आमचं राज्य एवढंसं. वर डोंगरात कोणी कायतरी केलं की ते समुद्राक पोचतंच. आणि समुद्राकडचा मनीस डोंगरातल्या मीटिंगला कधी नसतो, बाय."

म्हात्रेदादा कुळगावचे जुने आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर. मागून एक ओहोळ जातो, तो आदिवासी वाडीला वळसा घालून पुढे उल्हास नदीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात पाण्यापेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. दादांनी ठराव आणला की ओहोळावर स्लॅब टाकू आणि वर पार्किंग करू. मी तेव्हा नवी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उभी करून दिवसभर खिडकीतून तिच्यावर पहारा देत होते. दादांची दृष्टच काढावी असं मला वाटलं. सगळ्यांचे हात वर, काकांचा तेवढा खाली. म्हणाले, "वाडी येवंक ना."

वाडीचा आमच्या पार्किंगशी काय संबंध, असा एकच गलका झाला. दादा तर भडकलेच. काका भडकले नाहीत, पण त्या दिवशी हसलेही नाहीत. ओहोळ वाडीच्या दारातून जातो, त्यांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही, म्हणाले, आणि ठरावाला सगळ्यांच्या सह्या लागत होत्या. वाडीतली माणसं सकाळी लवकर नाक्यावर मजुरीला जातात, तेव्हा सुनावणी त्याच्या आधी, आणि तीही तिथेच. झालं. रविवारी उजाडता उजाडता आमची अख्खी कमिटी काट्याकुट्यांतून वाडीवर निघाली. दादा नाइट पँटमध्ये, मी पारोशी. काकांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काकांनी ठराव वाचला, मग साध्या शब्दांत सांगितला आणि गप्प उभे राहिले. कुणी बोलेना. आमचे लोक जांभया द्यायला लागले, काका ढिम्म. शेवटी कमळी नावाची एक बाई, कामाला निघालेली, काखेतली पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "स्लॅब टाकलाव तं वलगनीचं मासं चढतील कशे? आंधारात मासा वर येत नाय."

आमच्यातले दोघेतिघे हसले. वलगण म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. काका खुलले. पावसाळ्याच्या तोंडी नदीतले मासे अंडी घालायला ओहोळातून वर चढतात, ते वलगणीचे मासे, आमच्याकडे त्यांना चढणीचे म्हणतात, असं ते सांगत सुटले. माझं लक्ष मात्र म्हात्रेदादांकडे होतं. ते ओहोळाकडे बघत होते. हळूच त्यांनी विचारलं, "अजून येतान मासे?"

"येतात तं," कमळी म्हणाली. "तुमच्या भिंतीपरत येतात."

दादा तिथल्याच दगडावर बसले. बापाबरोबर टोपली घेऊन आपण ह्याच पाण्यात उतरायचो, हे सांगायला लागले ते थांबेचनात. परत येताना ठरावाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. माझी गाडी आजही रस्त्यावर असते, आणि कावळे तिच्यावर काय करतात ते सांगत नाही.

मग काकांनी नवा मसुदा केला. ओहोळातलं प्लास्टिक सोसायटीने काढायचं, आणि वाडीने जाळं अर्ध्याच पात्रात लावायचं, बाकीच्या अर्ध्यातून मासा वर जाऊ द्यायचा. 'वाडीसाठी सफाई' असं त्यात लिहिलं होतं. वाडीने हरकत घेतली, पिशव्या तुमच्याच, मग आमच्यावर उपकार कसले? काकांनी तिथल्या तिथे ते शब्द खोडले. एप्रिलभर लुंगी खोचून ते ओहोळात उभे राहिले आणि आम्हालाही उभं केलं.

मे महिन्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यानंतरची मीटिंग चहा थंड व्हायच्या आत संपली. कुणी काही विचारलंच नाही. घरी येऊन मी खूप रडले.

पाऊस सुरू झाला आणि मासे चढले. कमळी टोपली घेऊन आली आणि काकूंच्या हातात देत म्हणाली, "काकांचा वाटा." काकूंनी त्याचं खोबरं घालून हुमण, म्हणजे गोव्याकडचं कालवण, केलं आणि कमिटीला जेवायला बोलावलं. ताटं वाढली, पण पहिला घास कुणी घेईना. तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या, आमच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आज कोण येवंक ना?"

दादांनी मान खाली घातली. काकांचं नाव घ्यायचं तरी कुणी आणि कसं? काकू उत्तराची वाट बघत होत्या. मग वैतागून म्हणाल्या, "अहो, कमळी कुठे आहे? मासे तिचे ना?"

दादा उठले आणि चपला न घालताच जिना उतरले. काकूंनी आमची ताटं झाकली आणि शेजारी आणखी एक ताट मांडलं. ओहोळाच्या काठाने दादा आणि कमळी येताना दिसेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.