सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट

भास्करचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. “ताई, निर्मलाअक्का गेली... झोपेतच,” एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला. बातमी अनपेक्षित नव्हती. ती तशी नव्हती, हीच निर्मलाची कमाई. नाहीतर आम्ही तिला नीट निरोपसुद्धा देऊ शकलो नसतो.

निर्मला माझी शाळेपासूनची मैत्रीण. पेडगावहून एसटीनं परभणीला यायची, गणितात पहिली आणि भांडणातही पहिली. पुढे बंगळुरूला जाऊन संगणकाला तर्क शिकवू लागली. आज ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं हे जुनं, हट्टी घराणं. एखादी कृती केली की जगात काय बदलतं, काय जसंच्या तसं राहतं आणि कोणाला काय कळतं, हे यंत्राला नियमांनी पटवायचं. माझ्या डोक्यात ते शिरेना, तेव्हा तिनं माझ्याच फडताळात पेढ्यांचा डबा ठेवला. “समज, मी बाहेर गेले अन् तू एक खाल्लास. आता डब्यात किती, हे तुला माहीत, मला न्हाई. अन् मला न्हाई, हेबी तुला माहीत! एवढं शेंबड्या पोराला कळतं गं. मशीनला कळवता कळवता माझे केस पिकले.” समजावता समजावता तीन पेढे तिनंच संपवले.

निवृत्त होऊन ती पेडगावला आली, आईपाशी. दोन वर्षं मजेत गेली. मग पोट दुखायला लागलं आणि तपासणीचा रिपोर्ट तिच्या भावाच्या, भास्करच्या हाती पडला. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सांगायला नको. आजारी माणसाला सांगायचं नाही! निर्मलाला ‘अल्सर’ सांगायचं ठरलं. काकूंना, म्हणजे तिच्या म्हाताऱ्या आईला, तर अल्सरही नाही, नुसतं पित्त. मला भास्करनं शपथ घातली. कोणाला काय ठाऊक, यावर जिनं उभा जन्म काढला, तिच्यापासून आम्ही गुपित लपवायला निघालो होतो.

एका दुपारी तिनं उशीखालून कागद काढला. त्यावर आमची चौघांची चार वर्तुळं आणि त्यांच्यामध्ये, कोणाला काय ठाऊक ते दाखवणारे बाणच बाण. “मला माहीत हाय. भास्करला माहीत हाय. तुला माहीत हाय, अन् तुझं नाटक लय वाईट हाय.” मला रडूच फुटलं. “मग बोलत का नाहीस?” तिनं काकूंच्या वर्तुळावर बोट ठेवलं. तिथं एकही बाण नव्हता. “मोठ्यानं बोलले तर मायला कळंल. तिला कळू न देता जायचंय मला.”

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. पन्नास वर्षांची मैत्री, आणि उरलेले दिवस पित्ताच्या गोळ्यांवर बोलत घालवायचे? “सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टसुद्धा सगळ्यांसमोर बोलली की फरक पडतो, हे तूच शिकवतेस ना?” तिनं कागदाची घडी घालून उशीखाली सारली... वादात मी तिला हरवल्याचा तो एकुलता एक प्रसंग.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर चौघं चहा घेत असताना ती म्हणाली, “माय, मला कॅन्सर हाय. लय दिवस न्हाईत.” काकूंनी आपला चहा फुंकून प्यायला. “मला कवाच ठाव हाय. भास्कर पित्त म्हणायचा अन् माझ्याकडं बघायचा न्हाई. तुमाला वाटायलं मला ठाव न्हाई, म्हणून मीबी गप. लेकरांना कशाला दुखवा?”

निर्मला आ वासून बघत राहिली आणि मग इतकी हसली की ठसका लागला. “चुकलं की गं माझं! जन्मभर हेच केलं, अन् घरातलाच बाण हुकला!” स्वतःची चूक अशी साजरी करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढचे दोन महिने आमचे होते. येलदरी धरणातले मासे आले, दोन घासांच्या वर जाईना तरी तिनं ते चवीनं खाल्ले. कोणती साडी कोणाला, यावरून आम्ही तिच्यासमोरच भांडलो. काकू रोज तिची वेणी घालायच्या, आणि दोघींचं काय काय बोलणं चालायचं...

ती गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात मी पेडगावला गेले. काकूंसमोर रडायचं नाही, असं वाटेतच ठरवलं होतं. निर्मलाच्या बाजेवर काकू बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच तुरीची चौकशी केली, पावसाची केली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“तू रडायला आलीस, हे मला ठाव हाय. मला ठाव हाय, हे तुलाबी ठाव हाय. मग तूर कशाला इचारायलीस?” म्हणत त्या सरकल्या आणि बाजेवर जागा केली. “बस.”