काजळी फासलेला गुंड

आज सकाळी नातीच्या आंदणाची भांडी घ्यायला वर्ध्याला गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "काका, नाव टाकू काय?" नात हसली, "आता कोण टाकते आजोबा?" मी म्हटलं, "टाक बापा, अन् मोठं टाक!"

मंडळी, याला कारण आहे. सत्तरच्या दशकात माझ्या बहिणीची, सुमनची, आंदणाची भांडी अशीच बैलबंडीतून आणली. गावाच्या वेशीवर जकात नाका होता. नव्या मालावर कर, वापरलेल्याला माफी, एवढंच आईनं ऐकलेलं. तिनं घरूनच काजळीची पुडी नेली होती. वाटेत बंडी थांबवून सगळ्या नव्या भांड्यांना फासली.

नाकेदारानं पाण्याच्या गुंडावर बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि खाली सुमनचं नाव चमकलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

तो हसतच सुटला. "बाई, विकाच्या भांड्यावर कोणी पोरीचं नाव टाकते काय? घरच्या सामानावर जकात नाई. जा, आता घासत बसा!"

सुटलो! हळदीच्या दिवशी सारी आळी भांडी घासत होती, अन् आईच सगळ्यात मोठ्यानं हसत होती.

आजच्या बिलात मात्र टॅक्स लागलाच. संसाराच्या पहिल्या भांड्यावर तो असावा का, तुम्हीच सांगा. नाव तर आजही टाकलंय. ते वाचणारा नाकेदार तेवढा राहिला नाही.