देशकर मॅडमची उडी

देशकर मॅडम वर्गात उडी मारत. साठीच्या बाई, सुती साडी, दुखरे गुडघे. तरी पदर खोचून, मान मागे टाकून, दोन्ही पाय जुळवून टेबलाशेजारी उसळत. तणमोर या माळरानी पक्ष्याचा नर पावसाळ्यात गवतावर असाच उसळतो, मादीला दिसावा म्हणून. "गवत उंच, हा बुटका. लपून राहिला तर जीव वाचेल, संसार नाही होणार," त्या सांगत. मागचे बाक खिदळले की म्हणत, "हसा भैया, हसा. परीक्षेत हेच विचारून राहिले मी."

मी कांचघरचा, हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या एका मोहल्ल्यातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून प्रत्येक उत्तराआधी 'बहुतेक' लावायचो.

रविवारी मॅडम आम्हाला पाटनजवळच्या एका माळावर नेत. तणमोर आता देशातच थोडे उरलेत, आपल्याकडे तर नाहीतच, असं सगळे म्हणत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्या गुडघा चोळत गाडीत बसल्या होत्या, आणि मला गवतातून एक काळा-पांढरा पक्षी उसळताना दिसला. मी धावत आलो. "मॅडम, बहुतेक तणमोर होता."

"काहून रे, बहुतेक? डोळे तुझे होते की शेजाऱ्याचे?"

मान कशी, पंख कसे, उडी केवढी, सगळं खोदून विचारून त्यांनी वहीत लिहिलं : तणमोर, नर, एक. पुढे माझं नाव.

त्याच आठवड्यात गावकरी ते गवत कापणार होते. कापलं असतं तर जमिनीवरची अंडी गेली असती. थांबा म्हणून सांगायला गावच्या बैठकीत मॅडमच जाणार होत्या, पण गुडघा आखडला. "तू जा. पाहिलंस तू, मी नाही."

बैठकीत सरपंचांनी विचारलं, "सच्ची में देखे हो, कि मैडम ने सिखा के भेजा है?"

'शायद' ओठांवर आला होता. तो गिळला. चपला काढल्या, मान मागे टाकली आणि उसळलो. सगळे हसले. एक म्हातारी तेवढी हसली नाही.

"हमाए बब्बा ऐसई कूद कें बताउत ते," ती म्हणाली; तिचे आजोबा अशीच उडी मारून दाखवत. "खरमोर आय." तणमोराला इकडे खरमोरच म्हणतात.

गवत दसऱ्यापर्यंत ठेवायचं ठरलं.

मॅडम यंदा निवृत्त झाल्या. मुलीकडे नागपूरला निघण्याआधी भेटायला गेलो, तर सामान बांधता बांधता त्यांनी पुन्हा त्या बैठकीचं विचारलं.

"पाय जुळवले होते ना?"

"बहु..." मी थांबलो. "हो मॅडम, जुळवले होते."

त्यांनी ती वही माझ्या हातात दिली.