बोरसे सरांचा तास

दहावीच्या वर्गाच्या खिडकीशी मी थांबले. फळ्यावर पायथागोरसचं प्रमेय होतं. बोरसे सर आपल्या सुबक अक्षरात सिद्धता लिहीत होते. वर्ग शांत, मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. काल राउंड मारताना मी हेच बघितलं होतं. परवाही.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या सरकारी हायस्कूलची मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. मुलं-मुली एकत्र, अर्धी गावातली, अर्धी वरच्या पाड्यांवरची. गणिताचे शिक्षक एकच, बोरसे सर. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. मी नवखी शिक्षिका म्हणून इथे आले तेव्हा वर्ग कसा सांभाळायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

तास संपल्यावर मी कविताला ऑफिसात बोलावलं. ती वर्गाची मॉनिटर.

"सर रोज तेच शिकवतात?"

ती म्हणाली, "मॅडम, एकदा राहुल म्हणाला, सर हे झालं. सर फळ्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीवर बसून रडले. तेव्हापासून आम्ही कोणी काही बोलत नाही."

"आणि अभ्यास?"

"मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात करतो. सगळे मिळून."

आमच्याकडे मुलं आणि मुली एका वर्गात बसूनही वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. ती आता सरांसाठी एकत्र बसत होती. घरी कोणीही काही सांगितलं नव्हतं.

पण गावात काही लपत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष भटूनाना दोन दिवसांनी आले. टोपी काढून समोर बसले.

"मॅडम, गुरुजीस्नी माले बी शिकाडेल शे. पन पोरेसनं दहावीनं वरीस शे. काय करानं?"

मी जिल्ह्याच्या ऑफिसला फोन लावला. गणिताला दुसरा शिक्षक द्या म्हटलं.

"पद भरलेलं आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"भरलेलं आहे. पण सरांना आता जमत नाही."

"मग मेडिकल बोर्डाकडे पाठवा. अनफिट आले की पद रिक्त होईल."

"रिक्त झालं की लगेच शिक्षक मिळेल?"

"भरती निघाली की मिळेल, मॅडम."

मेडिकल बोर्ड म्हणजे सरकारी डॉक्टरांची समिती. नोकरीला माणूस लायक आहे की नाही, ते ठरवते. आणि रिक्त पद म्हणजे भरती निघेपर्यंत रिकामी खुर्ची. माझं शिक्षण विज्ञानाचं, पण दहावीचं गणित मला येत होतं. तो वर्ग मीच घ्यायचं ठरवलं. आता ते सरांना सांगायचं होतं.

सांगितलं. ते ताठ बसून राहिले.

"माझ्या निकालाबद्दल कधी तक्रार आली का, मॅडम?"

"नाही सर."

"मग?"

मी खरं ते सांगितलं. कोणतं प्रमेय, किती वेळा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. शाळेत सगळे त्यांना अक्का म्हणायचे. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

"त्यास्ले घर बसाडू नका, मॅडम. शाळामा त्यास्ले रस्ता तरी सापडस. घरमा मनं नाव बी कधी कधी सापडत नही."

मग मी सरांना बोर्डाकडे पाठवायचं लांबवलं. सर माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसू लागले. कधी मधेच बोट वर करून माझी चूक दाखवायचे. मुलांना त्याचा आनंद व्हायचा. मलाही.

दिवाळीनंतर एकदा मी स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घ्यायला लागले, तेवढ्यात सर उठले. फळ्याजवळ आले आणि माझ्या हातातला खडू मागितला. मी दिला. त्यांनी आकृती काढली, हातानेच, पण वर्तुळ अगदी गोल. पक्ष लिहिला, म्हणजे काय दिलंय ते. साध्य लिहिलं, म्हणजे काय सिद्ध करायचंय ते. मग 'सिद्धता' लिहून खाली रेघ मारली.

पुढे काही येईना.

सरांचा हात फळ्यावर तसाच. मग कविता जागेवरूनच म्हणाली, "सर, त्रिज्या जोडा." सरांनी जोडली. मागून राहुल म्हणाला, "दोन्ही काटकोन त्रिकोण, सर." सरांनी लिहिलं. पाड्यावरची सुनीता वर्गात कधी तोंड उघडत नसे. तीही म्हणाली, "सर, कर्ण सामाईक." एकेक ओळ मुलं सांगत गेली, सर लिहीत गेले.

संपल्यावर त्यांनी हात झटकले. "कळलं ना?"

"हो सर," सगळा वर्ग म्हणाला.

बाहेर वऱ्हांड्यात ते मला म्हणाले, "मॅडम, पोरं मला सांभाळायला लागली. आता मला वर्गात येऊ देऊ नका."

त्यांनी स्वतःच धुळ्याला बोर्डापुढे जायचं ठरवलं. मी आणि अक्का बरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या शाळेत आहात? सरांनी माझ्याकडे बघितलं. मी काही सांगणार तोच अक्कांनी माझा हात दाबला. सरांना शाळा सांगता आली नाही. बोर्डाने त्यांना अनफिट ठरवलं.

दहावीचा निकाल बरा लागला. कविताला गणितात चांगले मार्क पडले. राहुल गणितात नापास झाला. तो रडला नाही, "पुरवणी परीक्षेला बसतो" म्हणाला. मुलं पेढे घेऊन सरांकडे गेली. सरांनी पेढा घेतला, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि अक्कांना विचारलं, "कोणाची पोरं ही?"

"आपलीच शेतस," अक्का म्हणाल्या.

मी निवृत्त होईपर्यंत गणिताचं पद भरलं गेलं नाही. नव्या मुख्याध्यापकांना चार्ज देताना मी किल्ल्यांबरोबर एवढंच सांगितलं: शिक्षकाचं दुखणं ऑफिसला कळायच्या आधी मुलांना कळतं, आणि शिक्षक चांगला असेल तर ती सांगत नाहीत. वर्ग फार शांत वाटला की आत जाऊन बघा.