माझी मीच मुराळी

आमच्यात सासरी नांदणारी लेक आपली आपण माहेरी जात नाही. माहेरहून भाऊ नाहीतर भाचा तिला न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. इस्लामपुरात नांदायला आल्यापासून दरवर्षी मी पिशवी भरून दारात भावाची वाट बघत बसले आहे. त्याला सवड झाली की मला माहेर.

पन्नाशीनंतर सायकलचं वेड लागलं. आधी सांगली, मग गटाबरोबर थेट गोवा. गोव्याची हद्द ओलांडली तेव्हाच डोक्यात आलं, की परक्या मुलखात जाता येतं, मग अथणीच्या पलीकडे आईच्या दारात का नाही? यंदा भावाला फोनवर सांगितलं, गाडी आणू नको, मी सायकलवर येते. तो हसला. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

कुणी नावं ठेवू नयेत म्हणून घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करून निघाले, तिथंच दहा वाजले. समोरून वारा. मिरजेपुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी दोनदा रस्त्याखाली उतरवलं, तिथंच बाभळीच्या काट्यानं चाक बसलं. कागवाडला कर्नाटकात शिरले तेव्हा उन्हं कलली होती आणि हद्दीच्या पाटीखाली भावाची गाडी उभी होती.

"अक्का, बस गाडीत. सायकल टपावर बांधतो. तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी हुग्गी केलीया, दिवस बुडल्यावर खाशील का?"

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावत नाही. गव्हाची ती गरम खीर आठवली, तरी मी हँडल सोडलं नाही.

"लोकं काय म्हणतील? बहिणीला आणायला कोण गेलं न्हाई म्हणतील!" तो म्हणाला.

"माझी मुराळी मीच हाय. तुला यायचंच असंल तर मागनं ये."

तो खरंच मागून आला, सायकलच्या चालीनं, अधूनमधून चिडून हॉर्न वाजवत. अथणी मागं पडली तेव्हा सूर्य गेला. मी पायडल मारत राहिले.

दारात आईनं पायांवर पाणी घातलं. वहिनी कानात म्हणाली, एक दिवस खा, कोण बघतंय? मी नको म्हटलं. गाडीत बसले नाही तीही मीच आणि उपाशी राहिले तीही मीच.

मग लक्षात आलं, भावाचंही ताट झाकलेलंच होतं. पायरीवर माझ्याशेजारी येऊन तो बसला.

"पुढच्या वर्षी लवकर निघ," तो म्हणाला.

"निघंन की. पण तू घरात बसून जेव."